मनगटावरचा बहार

या पानावर आम्ही आजवर शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डातील नावे, अभ्यासिकेची वर्गणी असल्याच विषयांवर लिहिले. आज अत्तरावर लिहितो आहोत म्हटल्यावर काहींच्या भुवया वर जातील. जाऊ द्या. वासाने आमचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे महागाईनेही केले नसेल.

गोष्ट गेल्या वर्षीची. आम्ही एका निमसरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. आमच्या समोरच्या टेबलावर एक नवीन मुलगी रुजू झाली. आठवडाभरात आमच्या लक्षात आले की आम्ही खुर्चीवर बसलो की ती उठून पंख्याचे तोंड फिरवते. पंखा आमच्याकडून तिच्याकडे नव्हे, तिच्याकडून आमच्याकडे. दोन दिवस आम्ही पाहिले. तिसऱ्या दिवशी पोटात तोच जुना गोळा उठला. फायली काढताना हात थरथरू लागला. चौथ्या दिवशी ती स्वतःच आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, राग मानू नका, पण तुमच्या सेंटनं माझं डोकं धरतं. अर्धशिशीचा त्रास आहे मला."

आमच्या मनात काय काय आले ते लिहिण्यासारखे नाही. चौकशी केली तर मुलगी आपल्याच समाजाची, आमच्या शेजारच्या वस्तीतली, तिचे वडील आमच्याबरोबर रक्तदान शिबिरात टेबल मांडणारे! म्हणजे ज्या गोष्टीला आम्ही घाबरलो होतो ती गोष्ट इथे नव्हतीच. होता तो नुसता आमचा वास, आणि तोही विकत घेतलेला.

आता मुळापासून सांगितले पाहिजे.

आमचे आजोबा काटोलकडच्या एका खेड्यातले. गावकीचे मेलेले ढोर ओढणे हे त्यांच्याकडे वंशपरंपरेने आलेले. महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, स्वच्छ राहा असे सांगितले ते १९२७ साली. ते आमच्या आजोबांच्या खेड्यात पोचायला बराच काळ लागला. पण १९५६ साली नागपूरला दीक्षा घेऊन परतले, तेव्हापासून त्यांनी ढोराला हात लावला नाही. गावाने किराणा बंद केला, आजोबांनी गाव बंद केले. आणि नियती बघा (आम्ही नियती मानीत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही), त्यांच्याच मुलाला, म्हणजे आमच्या बाबांना, शहरात आल्यावर जे काम मिळाले ते कातड्यांच्या गोदामात हमालीचे. मीठ लावलेली ओली कातडी पाठीवर घ्यायची आणि थप्पीला लावायची. आजोबा त्यांच्याशी दोन वर्षे बोलले नाहीत.

बाबा संध्याकाळी आले की आधी सार्वजनिक नळावर जात. लाल साबणाची वडी आठ दिवसांत संपे. कपडे बाहेरच्या तारेवर, चपला बाहेर, आणि मग घरात. तरी तो वास यायचाच. मीठ, चरबी आणि आंबलेले असे काहीतरी. आम्हाला तो वास वाईट वाटत नसे, कारण तो आला म्हणजे बाबा आले. वाईट आहे हे आम्हाला शाळेने शिकवले. आम्ही चौथीत असताना शेजारच्या बाकावरच्या मुलांनी नाक दाबून आमच्याकडे पाहायला सुरुवात केली. बाईंनी त्यांना रागावले नाही. त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या, "बाळ, तू खिडकीपाशी बस, तिथं वारा चांगला लागतो." आम्ही वर्षभर खिडकीपाशी बसलो. वारा खरोखरच चांगला लागायचा.

त्यानंतर आम्ही स्वतःला हुंगायला शिकलो. दंड, कॉलर, दप्तराचा पट्टा. कॉलेजात बी.कॉम. करताना, मुलाखतीला जाताना, मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा. पहिल्या पगारात आईला लुगडे घेतले, बाबांना चष्मा घेतला आणि स्वतःला हिन्याची कुपी घेतली. पुढे मजमुआ आला, मग फवाऱ्याचे डबे आले, आणि एकाने भागेना तेव्हा एकावर एक दोन लावू लागलो. गोदामाचे काम बाबांनी केले. आम्ही तर जन्मभर शाईचा शिक्का मारला. तरी वीस वर्षे आम्ही रोज सकाळी त्या गोदामाचा वास झाकीत होतो. बाबांना जाऊन किती वर्षे झाली होती!

ही हकिकत आम्ही घरी सांगितली तेव्हा आमच्या आयुष्मती म्हणाल्या, "मी लग्नापासून सांगत होते, पण तुम्हाला वाटायचं मला अत्तरातलं काय कळतं." आमची भाची तेव्हा घरी आलेली होती. ती एका मोठ्या दुकानात सुगंधी द्रव्यांच्या काउंटरवर दिवसाचे दहा तास उभी राहते. मोठमोठ्या लोकांच्या मनगटांवर फवारे मारून तिला आता वासाची चांगलीच जाण आली आहे. पुढच्या खेपेला तिने आमच्यासाठी एक कुपी आणली. पाण्यासारखी पातळ, रंग नाहीच म्हणा ना. म्हणाली, "मामा, हे नेरोली. एकच शिंतोडा. दोन नाही."

आम्ही मनगटाला लावले. पहिल्यांदा वाटले, हिने फसवले, यात काही नाहीच. मग संत्र्याचे साल दाबल्यावर उडते तसा कडवट ताजा तुषार आला. तो मिनिटभरात निवला आणि त्याखालून फूल वर आले. मोगऱ्यासारखे अंगावर येणारे नाही. थोडे मधाचे, थोडे हिरव्या पानाचे, थोडे नव्या साबणाच्या वडीचे. माणूस आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून नुकताच बाहेर आला आहे, एवढेच त्यातून कळते. त्यापलीकडे तो वास काहीही सांगत नाही.

आम्हाला कुठल्याही गोष्टीचा हिशेब केल्याशिवाय झोप लागत नाही. म्हणून हे नेरोली आहे तरी काय ते शोधले. ते कडू संत्र्याच्या फुलाचे तेल. कडू संत्रा म्हणजे आपला नागपुरी संत्रा नव्हे. त्याची जात वेगळी (जात हा शब्द इथे वनस्पतीशास्त्रातला समजावा). पपनस आणि संत्रा यांच्या संकरातून हे झाड झाले असे शास्त्रज्ञ सांगतात. फळ इतके कडू की तसे खाववत नाही, मुरंबा करतात. पण एकाच झाडाची तीन तेले निघतात. सालीचे वेगळे, पाने आणि कोवळ्या काड्यांचे वेगळे, त्याला पेटिटग्रेन म्हणतात, आणि फुलांचे ते नेरोली. फुले पाण्याबरोबर किंवा वाफेवर भट्टीत चढवायची, वाफ थंड करायची, की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. तेल काढून घेतले की उरलेले सुगंधी पाणीही वाया जात नाही. ट्युनिशिया, मोरोक्कोकडे ते मिठाईत घालतात. कनोजला देग-भपक्यावर गुलाबाचे अत्तर काढतात, त्याच घराण्यातली ही रीत.

एक किलो तेलाला साधारण एक हजार किलो फुले लागतात. म्हणजे एका ग्रॅमला एक किलो. ट्युनिशियात नाबुल या गावाच्या आसपास वसंतात हा हंगाम असतो. झाडाखाली कापड अंथरून, शिड्या लावून फुले हाताने तोडतात आणि तोडणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात. एवढे वाचल्यावर आम्ही भाचीला विचारले, "अगं, मग तुझ्या या कुपीत एवढी फुले कशी मावली या किमतीत?" ती हसली. म्हणाली, "मामा, यात फूल कमी आणि रसायनशाळा जास्त." लिनालूल, लिनालिल ॲसिटेट अशी द्रव्ये खऱ्या फुलाच्या तेलातही असतात आणि कारखान्यातही बनतात. हलक्या कोलनमध्ये तर सगळी सुगंधी द्रव्ये मिळून शंभरात दोन ते पाच भाग, बाकी अल्कोहोल आणि पाणी. यात फसवणूक मानण्याचे कारण नाही. खरे तेल काढायचे तर आमच्यासारख्याने ते फक्त वाचायचे.

या कोलनची गंमत वेगळीच. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना या इटालियन माणसाच्या घराण्याने १७०९ साली दुकान थाटले आणि त्यांच्या त्या पाण्याला शहराचेच नाव पडले. लिंबूवर्गीय सालींची तेले आणि त्यांच्या जोडीला नेरोली, हा त्या कुळातल्या पाण्यांचा पाया. तेच आपल्याकडचे युडीकोलन! पांढरपेशा घरांत ताप आला की कपाळावर युडीकोलनच्या घड्या ठेवीत. आमच्या वस्तीत मिठाच्या पाण्याच्या घड्या असत. ताप दोन्हीने उतरायचा.

पण आम्ही खरे थबकलो ते नावापाशी. नेरोला हे रोमजवळचे एक गाव. सतराव्या शतकात तिथली राजकन्या, मूळची फ्रेंच, ॲन मारी द ला त्रेमोय, हिने या तेलाची चाल पाडली अशी आख्यायिका आहे. तिने ते कशाला लावले? तर हातमोज्यांना. हातमोजे कशाचे? कातड्याचे! त्या काळी युरोपात कमावलेल्या कातड्याला घाण यायची, म्हणून बड्या लोकांचे हातमोजे सुगंधात मुरवीत. फ्रान्समधले ग्रास हे गाव आज अत्तरांची राजधानी म्हणून जगभर ओळखले जाते. ते मुळात चामडे कमावणाऱ्यांचे गाव होते. कातड्याचा वास मारता मारता तिथले लोक अत्तरवाले झाले. हातमोजे आणि अत्तर मिळून त्यांचा एकच धंदा होता आणि त्याला प्रतिष्ठा होती.

हे वाचले त्या रात्री आम्ही बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. कातडे तेच. मीठ तेच, चरबी तीच. त्यांच्याकडे वास कातड्याला होता, तो त्यांनी कातड्यावरून काढला. आपल्याकडे तो माणसाला चिकटवला आणि माणसाच्या पोरालाही चिकटवला. पोराने शिक्का मारायची नोकरी धरली तरी तो निघेना. चामड्याचा धंदा जगात सगळीकडे घाणेरडाच होता आणि चामडे कमावणाऱ्यांना युरोपातही गावाच्या कडेला ठेवीत. पण तिथला कारागीर धंदा बदलून अत्तरवाला होऊ शकला. आमच्या आजोबांनी धंदा बदलला तर गावाने मीठ-मिरची बंद केली.

असो. हातमोज्यांवरून आईकडे येतो.

आई आता पंच्याहत्तरीच्या घरात आहे. दिसते कमी, पण नाक शाबूत आहे. कुपी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला गोळी द्यायला हात पुढे केला तर तिने मनगटच धरले. "हा कायचा वास येते रे?" आम्ही म्हटले, सेंट आहे. "सेंट नोय हे. संत्र्याचा बहार होय."

आई लग्नाआधी काटोलकडे संत्र्याच्या बगीच्यात रोजीने जायची, हे आम्हाला माहीत होते. पण त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. आंबिया बहार धरायचा म्हणजे थंडीत झाडांचे पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. झाडाला ताण बसला की मग पाणी सोडायचे, आणि माघात अख्खा बगीचा पांढरा होतो. आम्ही आपले शहरी, म्हणालो, "किती छान वास येत असेल गं." आई म्हणाली, "झाडाले ताण तं आमालेबी ताण. पाणी द्याचं काम बंद, तं रोजी बंद. अन् बहार आला का फूल तोडाची सोय नाही, एक फूल म्हंजे एक संत्रा. माह्या बहिणीनं केसात खोचलं होतं एक डाव, तं मालकानं दिवसाची रोजी कापली."

एक फूल, एक दिवसाची रोजी. हजार किलोचा हिशेब आम्ही कागदावर केला होता, तो बाजूला राहिला.

मग आईने स्वतःचे मनगट पुढे केले आणि म्हणाली, "लाव." आम्ही एक शिंतोडा मारला. तिने हात नाकापाशी नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला. नंतर म्हणाली, "तुह्या बाबाले संत्र्याचं साल चोळत होती मी. गोदामातून आले का. हातावर, मानेवर. तुले आठवत नसन." आम्हाला आठवत नाही. नळ आठवतो, लाल साबण आठवतो. साल आठवत नाही.

आता लावण्याबद्दल चार शब्द, कारण हे कुटुंबाचे पान आहे. हा वास टिकत नाही. दोन-तीन तासांत गेला असे समजा, आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसला टेकला की त्याहून लवकर. त्यासाठी जास्त मारू नये. मानेच्या मागे किंवा मनगटावर एक, आणि हवे तर सुती रुमालावर एक. कापडावर तो अंगापेक्षा जास्त राहतो. कोलनमध्ये बहुधा बर्गमोटसारख्या लिंबूवर्गीय सालींची तेलेही असतात. त्यातली काही कातडीवर असताना कडक ऊन लागले तर काळे डाग पडू शकतात, म्हणून उन्हात जाताना कपड्यालाच लावावे. पहिल्यांदा कोपराच्या आत लावून दिवसभर बघावे. कोणाच्या अंगावर पुरळ येते. बाटली उन्हात, खिडकीत ठेवू नये, आणि अल्कोहोल असल्याने गॅसजवळ तर नाहीच. लहान मुलांपासून दूर. दमेकऱ्याजवळ, दवाखान्यात, आणि ज्यांचे डोके धरते त्यांच्या समोरच्या टेबलावर विचारून.

पौर्णिमेला आम्ही लावीत नाही. विहारात अष्टशील घेतो त्या दिवशी माला, गंध, विलेपन यांपासून दूर राहण्याचे शील असतेच. पंचशीलात ते नाही, म्हणून बाकीच्या दिवशी मोकळीक. आमच्या वस्तीतले एक ज्येष्ठ उपासक अत्तराचा विषय निघाला की धम्मपदातला पुष्पवर्ग काढतात. त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पण त्यांना कोणी खिडकीपाशी बसवले नव्हते.

सुरुवातीला दुपारी एकच्या सुमारास आम्हाला घाम फुटायचा. वास गेलेला असायचा. डब्याची वेळ, चारचौघे जवळ बसणार, आणि अंगावर काहीच नाही! पहिले काही दिवस आम्ही कुपी खिशात ठेवली होती, प्रसाधनगृहात जाऊन पुन्हा लावली. मग एकदा कुपी घरी विसरली. त्या दिवशी डबा खाताना आम्ही एकेकाच्या तोंडाकडे पाहत होतो. कोणी मागे सरकले नाही. समोरच्या मुलीने तिच्या डब्यातली झुणक्याची वाटी सरकवली आणि पेन्शन योजनेबद्दल काहीतरी विचारले. पंखा होता तिथेच होता.

सगळे सुटले असे मात्र नाही. आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा येतो. पहाटे कोंबड्यांच्या दुकानात काम करतो आणि तिथून थेट पुस्तके घेऊन येतो. हॉल रिकामा असला तरी तो दाराशीच बसतो. का बसतो हे आम्हाला कोणी सांगायला नको. एकदा आमच्या मनात आले, ही कुपी त्यालाच द्यावी. खिशात घालून नेलीसुद्धा. त्याच्याजवळ गेलो, आणि त्याने ज्या वेगाने कॉलर सारखी करून हात मांडीखाली घेतले ते पाहून पाय थांबले. आम्ही कुपी पुढे केली असती तर ते त्याच बाईंचे वाक्य झाले असते, वारा चांगला लागतो म्हणणाऱ्या बाईंचे. कुपी खिशातच राहिली. दुसऱ्या दिवसापासून वर्गणीची वही आणि आमची खुर्ची दाराशी आणली. तो काही बोलला नाही. गेल्या महिन्यात मात्र त्याने त्रैराशिकाचे गणित अडले म्हणून वही आमच्यापुढे सरकवली. गणित चुकलेले होते, रीत बरोबर होती.

कुपीत आता तिसरा हिस्सा उरला आहे. त्यातला निम्मा आईनेच संपवला. रविवारी सकाळी आंघोळ झाली की ती हात पुढे करून बसते. भाचीने परवा फोनवर विचारले, मामा, दुसरी आणू का? आम्ही म्हटले, आधी ही संपू दे. आतून आईचा आवाज आला, "आन म्हनाव."